फेरफार : नोंदसंग्रहातील शोध आणि बदल यांचा इतिहास
(पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक परिसराच्या संदर्भात)

१

संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याची जी पद्धती आज सर्वत्र रूढ आहे, तिला ऑब्जेक्ट ओरिएंटेड, म्हणजे वस्तुकेंद्री पद्धती असे म्हणतात. तिचा उगम ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात झाला. ओले-योहान दाल व क्रिस्टन न्यूगार्ड यांनी १९६७ साली सिम्युला ६७ ही भाषा सिद्ध केली. पुढे १९७० नंतरच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात ॲलन के व त्यांचे सहकारी यांनी स्मॉलटॉक ही भाषा घडविली. या पद्धतीत प्रत्येक वस्तूला स्वतःचे अस्तित्व असते. तिचे गुण बदलतात, पण ती वस्तू तीच राहते. अशा अनेक वस्तूंचा संग्रह केला म्हणजे दोन कामे नित्य करावी लागतात. संग्रहातून नेमकी हवी ती वस्तू शोधून काढणे हे पहिले, आणि तिच्या ठिकाणी इष्ट तो बदल करणे हे दुसरे. वस्तूतील बदलाला इंग्रजीत म्युटेशन म्हणतात.

हाच म्युटेशन शब्द महाराष्ट्राच्या महसूल खात्यात आज्ञावलीकारांच्या कितीतरी आधीपासून वापरात होता. त्याचा मराठी पर्याय 'फेरफार' हा होय. 'फेर' हा शब्द 'फिरणे' या धातूच्या परिवारातला आहे. जमीन जागच्या जागी राहते आणि तिच्यावरील नाव फिरते, ही कल्पना त्या शब्दात अनायासे आली आहे. दोन अगदी भिन्न व्यवहारांना एकच संज्ञा लाभली हा योगायोग खरा. तथापि दोहोंपुढील प्रश्न एकच होता, आणि त्याची उत्तरेही बरीचशी सारखी निघाली. पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्यातील जमिनींच्या नोंदींचा इतिहास या दृष्टीने पाहिला असता तो बोधप्रद ठरतो.

२

नोंदसंग्रहाविषयी पहिला प्रश्न असा की, नोंद कशाची करावयाची? माणसाची, गावाची की शेताची? मुंबई इलाख्यात या प्रश्नाचे आजवर टिकलेले उत्तर १८३५-३६ साली पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात मिळाले. प्रिंगल यांची आधीची पाहणी निष्फळ ठरल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनी तेथे नव्याने मोजणी आरंभिली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम स्थिर केले. शेताच्या हद्दी दगडांनी कायम करावयाच्या, प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर द्यावयाचा, त्याचा आकार ठरवावयाचा, आणि मग तो नंबर ज्याच्या नावे असेल त्याने तो आकार भरावयाचा, अशी ही रचना होती.

या रचनेचे वैचारिक महत्त्व मोठे आहे. तिच्यात शेत ही वस्तू झाली आणि धारक हा त्या वस्तूचा एक गुण झाला. धारक मरतो, जमीन विकतो, गाव सोडून जातो. सर्व्हे नंबर मात्र टिकतो. सेत्राग खोशाफियन व जॉर्ज कोपलंड यांनी १९८६ साली एका निबंधात वस्तूची ओळख तिच्या गुणांपासून व तिच्या ठावठिकाण्यापासून वेगळी राखली पाहिजे असे प्रतिपादन केले. त्या प्रतिपादनाचे व्यावहारिक रूप इंदापूरच्या शिवारात दीडशे वर्षे आधी दिसू लागले होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

३

पहिल्या मोजणीचा हेतू सारावसुलीचा होता. जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे, हे लिहून ठेवण्याची व्यवस्था १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्याने आली, आणि १९१३ साली ती मुंबई जमीन महसूल संहितेत समाविष्ट झाली. आज तोच विषय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या दहाव्या प्रकरणात आहे. तलाठ्याच्या दप्तरातील गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. हे दोन्ही नमुने एकाच कागदावर आले आणि त्या दोन अंकांचा समास होऊन 'सातबारा' हे मराठीतील एक नवे नाम रूढ झाले. नमुन्याचा क्रमांक हाच वस्तूचा वाचक व्हावा, आणि तो शब्द शेतकऱ्याच्या तोंडी मालकीचा पर्याय म्हणून बसावा, हे शब्दार्थाच्या संक्रमणाचे लक्षणीय उदाहरण आहे.

शोधाच्या दृष्टीने दप्तराची मांडणी पाहावी. सातबारा जमिनीच्या क्रमाने लावलेला असतो. शेताचा नंबर ठाऊक असेल तर धारक सापडतो. परंतु एखाद्याच्या नावे गावात एकूण किती जमीन आहे, हे त्यावरून काढावयाचे झाल्यास सगळे दप्तर चाळावे लागेल. त्यासाठी गाव नमुना आठ-अ, म्हणजे खातेदारांची खतावणी, ठेवण्यात आली. एकाच संग्रहाला या दोन दिशांनी वाटा आहेत : शेतावरून माणसाकडे आणि माणसावरून शेताकडे. आज्ञावलीकार ज्यास सूची किंवा कोश म्हणतो तो हाच प्रकार होय. आय.बी.एम. कंपनीत हान्स पीटर लून यांनी १९५३ साली हॅशिंगची जी युक्ती मांडली, तिचाही हेतू सगळा संग्रह न चाळता नेमक्या जागी पोहोचणे हाच होता.

परंतु दोन वाटा केल्या की एक धोका उत्पन्न होतो. कागदी दप्तरात धारकाचे नाव सातबारावर लिहिलेले असते आणि आठ-अ वरही लिहिलेले असते. एका ठिकाणी बदल झाला व दुसऱ्या ठिकाणी राहिला की दोन्ही कागद परस्परांस खोटे पाडतात. वस्तुकेंद्री पद्धतीत दोन्ही सूचींनी वस्तूची नक्कल न ठेवता त्या एकाच वस्तूकडे निर्देश करावा, म्हणजे बदल एकदाच करावा लागतो, असे या दोषाचे निवारण सांगितले जाते. कागदाला ही सोय नव्हती. तेथे तिची जागा तलाठ्याच्या दक्षतेने भरून काढावयाची होती.

४

बदलाची रीत मात्र कागदी दप्तराने विलक्षण विचारपूर्वक बसविलेली आहे. सातबारावर थेट खाडाखोड करता येत नाही. प्रथम गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, अनुक्रमांक देऊन बदल लिहावयाचा. मग संहितेच्या कलम १५० प्रमाणे त्याची प्रत चावडीत लावावयाची आणि हितसंबंधितांस नोटीस द्यावयाची. कोणी हरकत घेतली तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना सहा-अ मध्ये, जाते व त्याचा निर्णय वरिष्ठ अधिकारी करतो. कागदी दप्तरात तोपर्यंत सातबारावर केवळ पेन्सिलीने नोंद असे. मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली म्हणजे ती शाईने होई. जुने नाव पुसले जात नाही. त्यास कंस केला जाई आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहिला जाई.

यात तीन तत्त्वे आहेत. सूचित बदल आणि सिद्ध बदल यांत भेद करावा. प्रत्येक बदलामागे त्याचे कारण शोधता यावे. आणि पूर्वस्थिती नष्ट होऊ नये. संगणकशास्त्राने व्यवहारांची सिद्धता आणि बदलांची क्रमनोंद या नावांनी हीच तत्त्वे पुढे प्रतिपादिली. पेन्सिल आणि शाई यांचा भेद त्या मानाने साधा दिसतो, परंतु चावडीवरील सामान्य माणसाला तो डोळ्यांनी दिसत असे, हा त्याचा विशेष होता.

५

आता प्रस्तुत परिसराकडे वळावे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६१ चा औद्योगिक विकास अधिनियम आणि १९६२ साली स्थापन झालेले औद्योगिक विकास महामंडळ यांमुळे भोसरी, आकुर्डी, चिंचवड या भागांत भूसंपादन सुरू झाले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि १९९७ साली आणखी गावे तिच्या हद्दीत आली. खेड तालुक्यातील चाकणला पुढील दशकांत मोटारींचे कारखाने उभे राहिले. फोक्सवागनचा कारखाना २००९ साली सुरू झाला.

या काळात एकाच भूमीची नावे किती वेळा पालटली हे पाहण्याजोगे आहे. प्रथम सर्व्हे नंबर व त्याचे हिस्से होते. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याची योजना जेथे लागू झाली, तेथे गट क्रमांक आले. चाकण, मोशी, चिखली या भागांतील कारखान्यांच्या पत्त्यांत आजही 'गट क्रमांक' दिसतो तो यामुळे. महामंडळाने जमीन घेतली की तीवर भूखंड क्रमांक पडला. नगरभूमापन झाले तेथे सातबाराची जागा मिळकत पत्रिकेने घेतली. केंद्र शासनाने २०२१ पासून प्रत्येक भूखंडास त्याच्या भौगोलिक स्थानावरून चौदा अक्षरांकांची एकमेव ओळख देण्याची योजना आरंभिली.

जावा भाषेत १९९८ साली संग्रहांची जी एकसंध रचना आली, तिच्या निर्देशपत्रात एक इशारा आहे. ज्या गुणांवरून वस्तू शोधावयाची तेच गुण वस्तू संग्रहात असताना बदलू देताना फार जपावे. नाहीतर वस्तू संग्रहात असूनही सापडत नाही. एकत्रीकरणानंतर नेमके हेच होते. आजोबांच्या खरेदीखतात सर्व्हे नंबर आहे, नातवापुढील सातबारावर गट क्रमांक आहे, आणि दोहोंना जोडणारा जबाब जुन्या एकत्रीकरणाच्या कागदांत आहे. जमीन जागेवर आहे, नोंदही दप्तरात आहे. पण हातातील खुणेने ती सापडत नाही. भौगोलिक स्थानावरून दिलेली नवी ओळखही या दोषातून सर्वस्वी मुक्त नाही. शेताचे दोन पोटहिस्से झाले की सीमा बदलतात आणि ओळख पुन्हा द्यावी लागते. म्हणून कोणतीही नवी खूण जुन्या खुणेशी जोडून ठेवणे हेच तिचे खरे संरक्षण होय.

६

हा प्रश्न केवळ पद्धतीचा राहत नाही, याचे कारण भूसंपादन. औद्योगिक विकास अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे जमीनमालकास व हितसंबंधितांस नोटीस दिली जाते, आणि अंतिम अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध होताच जमीन सर्व भारांपासून मुक्त होऊन राज्य शासनाकडे निहित होते. हितसंबंधित कोण, हे प्रथमतः सातबारावरूनच ठरते. समजा, खेड तालुक्यातील एखाद्या गावी एका खातेदाराचे निधन झाले, आणि वारसांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना सहा-क मध्ये, केवळ मुलगेच लिहिले गेले. सासरी गेलेल्या मुलीचे नाव राहिले. महाराष्ट्राने १९९४ साली व संसदेने २००५ साली वारसा कायद्यात सुधारणा करून कन्येला वडिलार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला खरा. परंतु ज्या संग्रहात ती नाहीच, त्यात नोटीस काढणारा अधिकारी तिला शोधणार कसा? मोबदला वाटून झाल्यावर तिला दिवाणी न्यायालयाचा रस्ता उरतो.

कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद अन्यथा सिद्ध होईपर्यंत खरी मानावयाची असते. त्याच वेळी फेरफाराने मालकी उत्पन्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे. ही दोन विधाने परस्परविरोधी नाहीत. नोंद ही वस्तू नव्हे, वस्तूचे चिन्ह आहे. परंतु शासनाचा व्यवहार चिन्हावर चालतो, आणि चिन्हातील उणीव प्रत्यक्ष माणसाच्या अंगावर येते.

स्मॉलटॉक भाषेतील शोधाच्या एका आज्ञेत, वस्तू सापडली नाही तर काय करावे हेही लिहून देण्याची सोय आहे. न सापडणे हाही शोधाचा एक निष्कर्ष आहे, अशी त्यामागील जाणीव दिसते. दप्तरात ही जाणीव चावडीवर लावलेल्या प्रतीने व तोंडी चौकशीने काही अंशी जपली जात असे. कागदावर नसलेल्या मुलीची आठवण गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला असे.

७

भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणास केंद्राच्या योजनेने १९८८-८९ साली आरंभ झाला. महाराष्ट्रात पुढे फेरफाराची प्रक्रिया संगणकावर आली आणि १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. २०२० साली सातबाराचा नमुना सुधारला, तेव्हा जुन्या नावांस कंस करण्याऐवजी त्यांवर आडवी रेषा मारण्याची पद्धत आली. हस्तलिखित सातबारा संगणकात उतरविताना जे लेखनदोष शिरले, त्यांच्या दुरुस्तीसाठी कलम १५५ चा आधार घ्यावा लागला. २०१७ साली संगणकीकृत सातबारांचे गावोगाव चावडीवाचन करण्यात आले, ते याच कारणाने. शोध क्षणात होऊ लागला, दोन सूचींतील विसंगती टळण्याची सोय झाली, हे लाभ निर्विवाद होत. परंतु यंत्र जे लिहिले आहे तेच शोधते. जे लिहावयाचे राहिले त्याची आठवण ते देत नाही.

या इतिहासावरून एवढे सिद्ध होते की, संग्रहातील वस्तू शोधणे आणि तिच्यात बदल करणे ही दोन वेगळी कामे नाहीत. ज्या खुणेने शोधावयाचे ती स्थिर असेल, बदलाचे कारण मागे राहत असेल, आणि न सापडलेल्याची विचारपूस होत असेल, तरच बदल न्याय्य होतो. चाकणच्या माळावर आज कारखान्यांच्या रांगा उभ्या आहेत. त्यांच्या खालच्या शेतांची नावे, हिस्से व वारस फेरफार नोंदवहीच्या जुन्या पानांत आहेत. ती पाने संगणकातील क्रमांकांशी जोडून ठेवण्याचे काम अभ्यासकांनी व शासनाने मिळून केले पाहिजे. चावडीवरची आठवण जोवर जिवंत आहे, तोवरच ते करणे शक्य आहे.