वीस दिवसांची सावली

कमरेत वाका. अजून थोडे. आता दोन्ही तळव्यांत पानं घ्या आणि कापसाची वात वळतात तशी वळत राहा. थांबू नका, खाली निखारे आहेत.

साल १७३८. क्योतोच्या आग्नेयेला, उजीच्याही मागच्या डोंगरांत युयादानी नावाची चिंचोळी दरी आहे आणि तिथल्या एका घरात तुम्ही होइरोसमोर उभे आहात. होइरो म्हणजे चहा सुकवायची भट्टी. तळाशी कोळशाची धग, वर चौकटीवर ताणलेला जाड जपानी कागद आणि त्या कागदावर नुकतीच वाफवलेली, ओली, गरम पानं. ती वळायची, मोकळी करायची, पुन्हा वळायची. तासाभरात खांदे भरून येतात, तरी पानं अजून दमटच असतात. काम संपायला आणखी काही तास लागतील.

शेजारी उभे असलेले गृहस्थ नागातानी सोएन. साठीला टेकले आहेत, पण हात तुमच्यापेक्षा वेगाने चालतात. या एका कृतीपायी त्यांनी पंधरा वर्षं घालवली, असं इथे सांगतात. (तुमच्या मुलखात या वेळी चिमाजी आप्पांची वसईची मोहीम दुसऱ्या वर्षात आहे. घरोघरी चहा उकळायला अजून बराच अवकाश आहे, त्यामुळे इथे कुणी तुमच्याकडून फार अपेक्षा ठेवलेली नाही.)

हे गृहस्थ एवढा खटाटोप का करताहेत, ते कोपऱ्यातल्या मडक्यात डोकावलात की कळेल. गावात रोज प्यायला जातो तो हा चहा. जून-कोवळी पानं सरसकट खुडायची, शिजवायची, उन्हात वाळवायची आणि लागतील तशी पाण्यात उकळायची. रंग तांबूस-काळा. तहान भागते, एवढंच. हिरवा चहा जपानात नाही असं नाही. सावलीत वाढवलेली पानं न वळता सपाट वाळवतात आणि जात्यावर दळतात, ती माच्चाची पूड. पण चहाच्या मळ्यावर आच्छादन घालायची परवानगी शोगुनच्या राजवटीने उजीच्या ठरावीक चहाकारांनाच दिली आहे. सोएन यांच्या वाट्याला उघडी टेकडी आणि फुकटचं ऊन.

मग त्यांनी उन्हातल्याच पानाचं काय करता येईल ते पाहिलं. फक्त नवे कोंब घेतले. खुडल्याबरोबर त्यांना थोडा वेळ वाफ दिली, म्हणजे पान काळं पडण्याची क्रिया जागच्या जागी थांबते आणि हिरवेपण टिकतं. नंतर तुम्ही आता करताय ते: सुकवता सुकवता वळणं. वळल्याने पानाच्या आतल्या पेशी फुटतात आणि रस पृष्ठभागावर येऊन वाळतो. असा चहा उकळावा लागत नाही, दळावाही लागत नाही. गरम पाणी ओतलं की पुरे. सेन्चा म्हणून आज जे ओळखलं जातं, त्याची कृती हीच.

पोतडी बांधा, एदोला, म्हणजे आजच्या टोक्योला जायचं आहे. क्योतोपासून सुमारे पाचशे किलोमीटर, त्रेपन्न टप्प्यांचा तोकाइदो रस्ता, आणि तुम्हाला तो पायी तुडवायचा आहे. याच रस्त्याने दर वर्षी शोगुनच्या रिकाम्या चहाबरण्या वाजतगाजत उजीकडे जातात. बरण्या दिसल्या की वाट सोडून गुडघे टेकायचे असतात. हो, रिकाम्या बरण्यांसमोर.

एदोत निहोनबाशीला यामामोतो काहेई यांची पेढी आहे. बाकीच्या व्यापाऱ्यांनी हा फिकट, हिरवट-पिवळा चहा पाहून नाक मुरडलं होतं. काहेईंनी घोट घेतला. तुम्हीही घ्या. आधी ताज्या पाल्याचा वास, मग जिभेच्या कडांना धरणारा तुरटपणा आणि घशाखाली उतरल्यावर उशिराने येणारी गोडी. काहेई मालाला नाव देतात ‘तेन्का-इची’, जगात एक नंबर. व्यापाऱ्याचा हा उत्साह नेहमीचाच म्हणून तुम्ही हसाल, पण ही पेढी नागातानी घराण्याला पुढे दर वर्षी पंचवीस र्‍यो सोनं पाठवत राहिली, तेही १८७५पर्यंत, अशी परंपरा आहे. उपकाराची आठवण इतकी वर्षं ठेवणारी पेढी मला तरी दुसरी ठाऊक नाही.

आता जवळजवळ शंभर वर्षं पुढे. १८३५, उजीजवळचं ओगुरा.

आत शिरताना डोकं सांभाळा. बांबूचा मांडव आहे, त्यावर बोरूच्या चटया आणि चटयांवर भाताचा पेंढा. जवळच्या ओगुरा तळ्यात बोरू हवा तितका. कोंब फुटू लागले की आधी चटया अंथरतात, काही दिवसांनी माणसं मांडवावर चढून पेंढा पसरतात. खुडणीपर्यंत वीसेक दिवस असा अंधार. बाहेर लख्ख ऊन असताना आत तुम्हाला स्वतःचा हात धड दिसत नाही, कारण ९५ टक्क्यांहून जास्त प्रकाश वरच अडलेला असतो. डोळे सरावले की पानं दिसतील: पातळ, रुंद, गडद. जो काही उजेड मिळेल तो वेचायला झाडाने हरितद्रव्य वाढवलं आहे. हवेत समुद्री शेवाळाचा वास आहे, आणि समुद्र इथून बराच लांब आहे. सावलीतल्या पानाचा हा खास गंध, त्याला ‘ओओइका’ म्हणतात.

ही आच्छादनं जुनी. १५७७ ते १६१० जपानात राहिलेला पोर्तुगीज जेसुइट जुआंव रॉड्रिगेझ उजीच्या झाकलेल्या मळ्यांबद्दल लिहून गेला, आणि कारण देतो ते उशिरा पडणाऱ्या हिमकणांपासून बचावाचं. चव सुधारते हे बहुधा नंतर ध्यानात आलं. इतकी वर्षं ही सावली फक्त माच्चासाठी होती. मग त्याच निहोनबाशीच्या पेढीचे सहावे काहेई ओगुऱ्यात आले आणि त्यांनी सावलीतली पानं होइरोवर घेतली. हाताने हलवता हलवता चिकट पानांचे गोळे झाले, दवाच्या थेंबांसारखे, म्हणून नाव पडलं ‘रत्नदव’: ग्योकुरो. या श्रेयावर हक्क सांगणारे आणखीही आहेत. ते वाद त्यांनाच मिटवू द्या. सुईसारखा सरळ आकार मात्र पुढे मेजी काळात आला, उजीच्या त्सुजी रिएमोन यांच्या हातून.

म्हणजे पाहा, माच्चाची सावली आणि सोएन यांचं वळणं. झाड तेच, वाफ तीच. फरक पडला तो वीस दिवसांच्या उजेडाचा.

ग्योकुरो प्यायचा कसा, ते मात्र शिकावं लागेल. उकळतं पाणी थेट ओतलंत तर यजमान दुखावतील. एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ओता, दर वेळी साधारण दहा अंश उतरतात. बोट बुडवता येईल इतपत निवलं की पानं जेमतेम भिजतील एवढंच पाणी. दोन-अडीच मिनिटं गप्प बसा. वाटीत पडतात ते काही थेंब. दाट, गोडसर, खारट नसूनही खारे वाटणारे, तुरटपणा जवळजवळ नाहीच. कोम्बू शेवाळाच्या रश्शाची आठवण येते, आणि ती खरीच आहे: १९०८ मध्ये इकेदा किकुनाए त्या रश्शातून ग्लुटामेट वेगळं करतील आणि ही उमामी चव शास्त्राच्या दप्तरात जाईल.

त्या रात्री ओगुऱ्यात तुम्हाला झोप लागणार नाही. जपानच्या सरकारी अन्नघटक तक्त्यात दोन्ही चहा दहा ग्रॅम पानांवरच मोजले आहेत. ग्योकुरोला पाणी ६० मिलिलिटर, ६० अंशांचं, अडीच मिनिटं. सेन्चाला ४३० मिलिलिटर, ९० अंशांचं, एक मिनिट. शंभर मिलिलिटरमागे कॅफीन निघालं ग्योकुरोत १६० मिलिग्रॅम, सेन्चात २०. त्याच तक्त्यात कॉफीचा आकडा ६० आहे. एवढीशी वाटी म्हणून पुन्हा पुन्हा पुढे करू नका.

जागेच आहात तर १९५० सालात डोकावून या. क्योतोच्या चहा संशोधन केंद्रात साकातो याजिरो यांनी ग्योकुरोच्या पानांतून थिआनीन हे अमिनो आम्ल वेगळं काढलं आहे. ते तयार होतं मुळांत आणि चढतं पानांत. तिथे ऊन मिळालं की त्याचं कॅटेचिन होऊ लागतं, म्हणजे तुरटपणा. ऊन अडवलं की थिआनीन थिआनीनच राहतं. निहोनबाशीला जो तुरटपणा तुमच्या जिभेने पकडला होता, तो युयादानीच्या त्या फुकटच्या उन्हाचा.

आणि आज? उजीच्या कुठल्याही दुकानात दोन्ही डबे शेजारी शेजारी असतात आणि ग्योकुरोचा भाव पाहून तुम्ही तो हलकेच जागेवर ठेवता. उत्तम ग्योकुरोसाठी आता क्यूशूतल्या यामेचंही नाव घेतात, पण देशाच्या एकूण चहा-उत्पादनात ग्योकुरोचा वाटा एक टक्काही नाही. सेन्चा मात्र जपानभर रोज, जेवणावर, पाहुण्यांपुढे, बाटलीत, सगळीकडे.

मला विचाराल तर मोठा शोध सेन्चाचा. ग्योकुरो सुंदर आहे, पण त्याच्या मागे परवाना होता, मांडव होता, एदोची पेढी होती. कृती शोधताना सोएन यांच्याकडे यातलं काही नव्हतं, आणि उकळलेल्या तांबूस पाण्याच्या जागी लोकांना हिरवा घोट मिळाला तो त्यांच्यामुळे. तहान लागली असेल तर सेन्चाच घ्या. ग्योकुरोने तहान भागत नाही, तो त्यासाठी नाहीच. दुपारी, पोटात काहीतरी असताना, एक वाटी. दुसरं पाणी जरा गरम, तिसरं त्याहून. मग किटली पालथी करून ती भिजलेली पानं बशीत काढा, वर दोन थेंब सोया सॉस घाला आणि खाऊन टाका. एवढे पैसे मोजलेत, तर पाला कशाला टाकायचा?