नवी मोटार आणि जुनी मोटार : मिरज परिसरातील एका मनोवृत्तीचा इतिहास

नवी मोटार विकत घ्यावी की जुनीच चालवावी, हा प्रश्न वरवर पाहता व्यक्तीच्या ऐपतीचा व आवडीचा वाटतो. मध्यमवर्गाची काटकसरी वृत्ती हे त्याचे नेहमीचे उत्तर होय. तथापि मिरज व तिच्या परिसराचा गेल्या शतकातील इतिहास पाहिला असता, ही मनोवृत्ती स्वभावापेक्षा पुरवठा आणि कायदा ह्यांनीच अधिक घडविली, असे दिसून येते.

संस्थानी काळात मोटार हे वैभवाचे चिन्ह होते. मिरजेपासून जवळच असलेल्या कोल्हापूरच्या राजघराण्यातील मेबॅक ही जर्मन बनावटीची मोटार त्याची साक्ष देते. राजाराम महाराजांच्या काळातील ही गाडी दसऱ्याच्या सोहळ्यास अद्याप बाहेर काढली जाते. तेथे वाहनाचे वय हा दोष नसून परंपरेचे प्रमाण ठरते. त्या काळी नवी गाडी दुर्मिळ होती ती किमतीमुळे. ज्याच्यापाशी द्रव्य होते त्याला ती मिळत असे. 1928 पासून जनरल मोटर्स ही कंपनी मुंबईतच सुट्या भागांची जुळणी करीत होती.

1948 मध्ये मिरज संस्थान विलीन झाले व पुढे हे शहर दक्षिण सातारा जिल्ह्यात, म्हणजे 1960 नंतरच्या सांगली जिल्ह्यात, आले. ह्याच सुमारास मोटारधंद्याचेही स्वरूप पालटले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद ह्यांनी 1944 मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना 1947 मध्ये सुरू झाला. देशात उत्पादन करण्याची योजना नसलेल्या परदेशी कंपन्यांना 1953 च्या धोरणानंतर येथून जावे लागले. पुढील तीन दशके ग्राहकापुढे फियाट, अँबॅसडर व स्टँडर्ड एवढाच पर्याय उरला, आणि त्यासाठीही वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे.

ह्या टंचाईचे दोन परिणाम झाले. पहिला असा की, गाडीचे मोल तिच्या वयापेक्षा ती तत्काळ हाती येते ह्यावर ठरू लागले. दुसरा परिणाम अधिक खोल होता. गाडीचा आराखडा फारसा बदलत नसल्यामुळे नव्या व जुन्या गाडीच्या गुणांत मोठे अंतर राहिले नाही. जुन्या गाडीला लागणारा भाग नव्या गाडीचाच असे, आणि एका गाडीवर हात बसलेल्या मेस्त्रीला दुसरी अपरिचित नसे. अशा परिस्थितीत जुनी गाडी राखणे ही काटकसर खरीच. परंतु तो त्याहून अधिक व्यवहाराचा शहाणपणा होता.

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि 1993 मध्ये मोटार-उत्पादनावरील परवाना-बंधन उठले. प्रतीक्षा संपली, नवनवे आराखडे येऊ लागले, आणि जुनी गाडी प्रथमच खऱ्या अर्थाने ‘जुनी’ झाली. कायद्यानेही हीच दिशा धरली. 1988 च्या कायद्यानुसार खाजगी गाडीच्या नोंदणीची मुदत 15 वर्षे ठरली. 2022 च्या एप्रिलपासून त्यानंतरच्या नूतनीकरणाचे शुल्क 600 रुपयांवरून 5,000 रुपयांवर गेले.

तथापि 2021 च्या भंगार-धोरणाने खाजगी गाडी मोडीत काढण्यासाठी केवळ वय न पाहता तपासणीतील योग्यता हा निकष मानला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. जुन्या इंजिनाचा धूर ही खरी हानी होय. परंतु सुस्थितीतील, क्वचित वापरली जाणारी गाडी मोडून नवी घडविण्यातही लोखंड व इंधन खर्ची पडतेच. वय आणि योग्यता ह्यांतील हा भेद टिकला, तर राखण-दुरुस्तीच्या जुन्या शहाणपणाला स्थान राहील. न टिकल्यास टंचाईने शिकविलेला धडा विपुलतेत विसरला जाईल.