चीवराआडचा कट : बंडारनायके हत्येचा बोध

१९५६ हे वर्ष बौद्ध जगताच्या इतिहासात चिरस्मरणीय ठरले. अडीच हजारावी बुद्धजयंती त्याच वर्षी साजरी झाली आणि १४ ऑक्टोबर रोजी नागपूरच्या भूमीवर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली व दिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके पंतप्रधान झाले. त्यांच्या विजयासाठी भिक्खूंच्या राजकीय आघाडीने गावोगाव प्रचार केला होता. केलनिय राजमहाविहाराचे प्रमुख मापिटिगम बुद्धरक्खित हे त्या आघाडीचे सूत्रधार होते.

परंतु सत्तेला हातभार लावणारे हात लवकरच सत्तेकडे हिशेब मागू लागले. १९५७ मध्ये बंडारनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खूंनी पंतप्रधानांच्या निवासासमोर धरणे धरले आणि तो करार रद्द झाला. पुढच्याच महिन्यात भीषण वांशिक दंगली उसळल्या. बुद्धरक्खितांचा रोष मात्र निराळा होता. सरकारकडून अपेक्षिलेले व्यापारी लाभ पदरी न पडल्याने ते दुखावले होते, असे खटल्यात पुढे आले.

२५ सप्टेंबर १९५९ रोजी सकाळी कोलंबोतील निवासस्थानी पंतप्रधान नित्याप्रमाणे अभ्यागतांना भेटत होते. तालदुवे सोमाराम हा नेत्रवैद्य असलेला भिक्खू तेथे बसला होता. चीवरास वंदन करण्यासाठी पंतप्रधान वाकले, आणि त्याच चीवरातून पिस्तूल बाहेर आले. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. मृत्युशय्येवरूनही त्यांनी मारेकऱ्याविषयी सूडबुद्धी न बाळगण्याचे आवाहन केले होते.

बंडारनायके यांच्याच शासनाने फाशी स्थगित केली होती. हत्येनंतर ती पुन्हा लागू झाली. मे १९६१ मध्ये सोमाराम, बुद्धरक्खित व एच. पी. जयवर्धन दोषी ठरले. कटाच्या गुन्ह्यास नवा कायदा मागील तारखेपासून लागू होत नसल्याने अपिलात शेवटच्या दोघांना जन्मठेप झाली. जुलै १९६२ मध्ये सोमाराम फासावर गेला. बुद्धरक्खित १९६७ मध्ये तुरुंगात मरण पावले. दरम्यान, जुलै १९६० मध्ये सिरिमावो बंडारनायके जगातील पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या होत्या.

या घटनेचा आधार घेऊन धम्मावर दोषारोप करणाऱ्यांना आम्ही विनयपिटकाकडे पाहण्यास सांगू. मनुष्यवध करणारा, तसेच दुसऱ्याकरवी तो घडवून आणणारा भिक्खू तिसऱ्या पाराजिकेनुसार भिक्खू राहतच नाही. दोष धम्माचा नव्हे; विनय विसरलेल्या संघाचा, आणि चीवर पाहताच प्रश्न विचारणे थांबवणाऱ्या उपासकांचाही आहे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात प्रश्न केला होता की, भिक्खू निर्माण करण्यात तथागतांचा हेतू काय होता : केवळ परिपूर्ण मनुष्य घडविणे, की समाजसेवक घडविणे? सत्तेचा दलाल हा पर्याय त्या प्रश्नात कोठेच नाही. म्हणूनच आमचे नम्र प्रतिपादन असे की, चीवरास वंदन अवश्य करावे. परंतु चीवरधारकाचे शील पारखण्याचा अधिकार उपासकांनी कधीही सोडू नये.