मुळशीला जाणारी मनिऑर्डर

मुळशीत टाटांचं धरण झालं, वीज मुंबईला गेली आणि मागोमाग आमची माणसंही. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह करूनही भातखाचरं पाण्याखाली गेली ती गेलीच. पोरं गिरणीत लागली, डबे वाहू लागली. मुंबईच्या मनिऑर्डरीवर गावातली घरं चालली. त्या पैशाचा इतिहास सांगताना पुरुषाने शरीर विकून कमावलेला पैसा कुणी धरत नाही. तो मी पाठवलेला आहे, म्हणून हिशेब मांडतो.

१९८२ च्या संपानंतर मी मुंबईत आलो. गिरणीत बदली कामगार म्हणूनही कुणी घेईना. मी झोपायचो त्या गाळ्यातल्या एकाने चौपाटीवर मालिश शिकवली. तेलाच्या बाटल्या एकमेकींवर वाजवत रात्री फिरायचं. कुणी मालिशपुरतं बोलवायचं, कुणी त्यापुढचं. मालिशचा दर ठरलेला, पुढचं गिऱ्हाइकाच्या मनावर. पैसे बुडवले, घड्याळ हिसकावलं, तरी पोलिसांत जायची सोय नव्हती. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाखाली आधी आम्हीच गुन्हेगार.

हातात आलेल्या पैशाला वाटा ठरलेल्या होत्या. आधी हप्ता, मग गाळ्याचं भाडं, खानावळ, मग घर. दाढी नि इस्त्रीचा शर्ट हे भांडवल, त्यात काटकसर चालत नसे. मनिऑर्डरीला शंभरामागे पाच रुपये कमिशन. खालच्या कुपनावर मी लिहायचो, 'काम बरं चाललंय, काळजी करू नये.' पोस्टमन ते आईला वाचून दाखवायचा, तिचा अंगठा घ्यायचा आणि नोटा मोजून हातात ठेवायचा.

शिल्लक पडायची ती भिशीत. बँकेत खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागे, पत्त्याचा पुरावा लागे. मी दुसऱ्याच्या गाळ्यात झोपणारा. ओळख देणारे सगळे तालुक्यातले, 'पैसा कुठून आला' विचारणारे. आमच्यातलाच एक जण पहिली भिशी उचलून परागंदा झाला, तेव्हा बाकीचे गप्प बसलो. तिशी ओलांडली की गिऱ्हाईक कमी होतं, आणि नेमकं तेव्हाच गाठीला काही नसतं.

या धंद्यातल्या बायांचं थोडं वेगळं झालं. १९९५ साली कोलकात्यात सोनागाछीच्या बायांनी बचतीसाठी उषा सहकारी संस्था काढली, २००७ मध्ये कामाठीपुऱ्यात संगिनी ही तशीच संस्था उभी राहिली. त्यांना हाल कमी नव्हते, पण त्या एका गल्लीत राहत. गल्ली हाच पत्ता, शेजारीण हीच ओळख. आम्ही पुरुष खोट्या नावाने शहरभर विखुरलेले. एकमेकांचं खरं गाव माहीत नसलेली माणसं संस्था कशी काढणार? कोरोनात, २०२० साली, राज्य सरकारने दरमहा पाच हजार रुपये जाहीर केले, तेही या धंद्यातल्या महिलांसाठीच.

२०१८ च्या ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ ची भीती काढली. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने या धंद्यातल्यांना पत्त्याच्या पुराव्याशिवाय आधार कार्ड देण्याची वाट केली. ही मोठी कामं झाली. आता पुण्यात या धंद्यातली पोरं भेटतात, त्यांच्याकडे खातं असतं. पण फोनवर पैसे घेतले की गिऱ्हाइकाला खरं नाव दिसतं आणि त्यावरून धमकी येते. म्हणून अजूनही ती रोख मागतात, आणि रोख लुटली जाते.

सगळ्यात जुनी गाठ मात्र तशीच आहे. देहविक्रीविषयीचा १९५६ चा कायदा बायांपुरता होता. १९८६ च्या दुरुस्तीने त्यात पुरुषही आले. त्याचं चौथं कलम सांगतं, अशा कमाईवर जाणूनबुजून जगणाऱ्या सज्ञान माणसाला दोन वर्षांपर्यंत कैद. माझ्या पैशावर तांदूळ घेणारी आई फक्त अज्ञानामुळे निर्दोष ठरत होती. आजही एखाद्या पोराने घरी खरं सांगितलं, तर म्हातारे आईबाप त्या कलमाच्या कक्षेत येतात. जबरदस्ती करणाऱ्याला, दलालाला खुशाल धरा; पण कमावत्याच्या पैशावर जेवणारं घर त्यातून वगळा. त्याशिवाय आमच्या कमाईला कमाई म्हणता येणार नाही.