कुकडी नदी : खनन व संचयन

भीमेच्या खोऱ्यातील घोड नदीची उपनदी. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात नाणेघाटाजवळ सह्याद्रीत उगम. नदी खडक कशी कोरते आणि गाळ कुठे टाकते, हे दोन्ही या लहानशा नदीवर थोड्या अंतरात पाहायला मिळते. शालेय भूगोलात नदीच्या वरच्या टप्प्यात खनन आणि खालच्या टप्प्यात संचयन असा क्रम सांगतात. कुकडीवर तो उलटा दिसतो : गाळाचे जाड थर वरच्या अंगाला बोरी येथे, तर खोल कोरलेले पात्र त्याच्या खाली निघोज येथे.

निघोज (ता. पारनेर, जि. अहिल्यानगर) आणि पलीकडच्या काठावरचे टाकळी हाजी (ता. शिरूर, जि. पुणे) यांच्या दरम्यान नदी अरुंद खडकाळ घळईतून वाहते. घळईच्या तळात व भिंतींत असंख्य रांजणखळगे आहेत. गावकरी या जागेला ‘कुंड’ म्हणतात. काठावर मळगंगा देवीचे मंदिर आहे. येथील बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. थंड होताना त्यात पडलेल्या उभ्या भेगा, म्हणजे सांधे, हे कोरकामाचे पहिले ठिकाण. पुराच्या पाण्याचा भोवरा सांध्यापाशी अडकतो आणि त्यात सापडलेले गोटे व वाळू जात्यासारखी फिरू लागतात. नुसते पाणी बेसाल्टला फारसे झिजवत नाही, खरे काम या दगडधोंड्यांचे. खळगा खोल होतो, गोटे स्वतःही झिजून गुळगुळीत होतात. उन्हाळ्यात पाणी ओसरले की रांजणाच्या आतल्या भिंतीवरचे वळसेदार चर बोटाने चाचपता येतात आणि तळाशी उरलेले गोल गोटे दिसतात. शेजारचे दोन खळगे रुंदावत गेले की मधली भिंत पातळ होऊन फुटते; असे खळगे जोडले जाऊन पात्र खोलावत जाते. घळई बनण्यात या पद्धतीचा मोठा वाटा आहे. निघोजच्या खळग्यांविषयी पर्यटनाच्या लिखाणात आकाराचे विक्रम सांगितले जातात, पण अभ्यासकाला अधिक उपयोगाचे आहे ते उथळ वाटीपासून फुटलेल्या रांजणापर्यंतच्या सगळ्या अवस्था एकाच जागी असणे.

बोरी (ता. जुन्नर) येथील चित्र वेगळे आहे. पूर्वी कधीतरी नदीजवळ असलेला गाळ वाहून नेण्याइतका जोर तिच्यात उरला नव्हता. वाळू, खडी व माती थरांवर थर साचत गेली. हवामान बदलून पाऊस आणि गाळ यांचे प्रमाण बिघडले की दख्खनच्या नद्यांना असे होते. पुढे नदीने पुन्हा खाली कापायला सुरुवात केली आणि स्वतःचाच जुना गाळ चिरला. आज काठाच्या उभ्या कड्यांत ते थर दिसतात ते त्यामुळेच. म्हणून खनन व संचयन यांना नदीच्या लांबीवरचे ठरलेले टप्पे मानण्यापेक्षा काळानुसार येणारी आळीपाळी मानणे अधिक योग्य.

बोरीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर सापडला आहे, त्याबरोबर अश्मयुगीन दगडी हत्यारेही. राख वाऱ्याने दूरवरून आली. काही अभ्यासक ती इंडोनेशियातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे 74,000 वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची मानतात. इतरांच्या मते ती कित्येक लाख वर्षे जुनी आहे. हत्यारांचे वयही बरेचसे या उत्तरावर अवलंबून असल्याने वाद केवळ भूशास्त्रापुरता राहिलेला नाही.