छापावर छाप

आमच्या शाखेत मला नावाने फारसं कुणी ओळखत नाही. ‘शिक्केवाले भाऊसाहेब’ म्हणून ओळखतात. बी.कॉम. होऊन चिकटलो तो ‘पेड’, ‘कॅश रिसीव्ह्ड’ आणि ‘कॅन्सल्ड’ मारता मारता चाळिशी उलटली. म्हणूनच इतिहासातला एकच राजा मला अगदी आपल्या खात्यातला वाटतो. तो म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी.

नगरहून संगमनेर ओलांडलं की नाशिक जिल्ह्यातला सिन्नर तालुका लागतो. तिथल्या जोगलथेंबीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचं घबाड सापडलं. नाणी तब्बल १३,२५०! कुणीतरी ती बसून मोजली असणार, या विचाराने माझा ऊर भरून आला. नाणी क्षत्रप नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी मजकूर. एकूण लिप्या तीन. आमच्या बँकेच्या पाटीवरही तीनच भाषा आहेत आणि सगळ्या वाचणारा अजून भेटायचा आहे.

सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. आता ही नाणी रद्दच व्हायची! पण २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्यावर काउंटरच्या आत मी जे भोगलं, ते त्या काळच्या सराफांना चुकलं. कारण सातकर्णीने नाणी वितळवली नाहीत. त्यांच्यावरच आपला ठसा ठोकला. एका बाजूला तीन कमानींची टेकडी, दुसरीकडे चार गोळ्यांचं उज्जैनी चिन्ह. चांदी तीच, वजन तेच, धनी नवा. १३,२५० पैकी ९,२७० नाण्यांवर हा ठसा आहे. म्हणजे सत्तर टक्के काम झालं, बाकीचं पेंडिंग. सरकारी काम तेव्हाही सरकारीच होतं!

ही युक्ती काही आपल्याच मुलखातली नव्हे. ६१० साली फोकसला मारून हेराक्लिअस कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर बसला, तेव्हा फोकसच्या तांब्याच्या नाण्यांवर त्यानेही आपलाच चेहरा छापला.

गंमत अशी, की ठसा कितीही जोरात मारा, खालचं पुरतं पुसत नाही. सातकर्णीच्या टेकडीआडून नहपान डोकावतोच. आणि त्या डोकावण्यावरूनच पंडितांना कळलं, की आधी कोण आणि मागून कोण. पुसायला निघालेला राजा पुरावा ठेवून गेला.

२०२४ साली आमच्या अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. एक गाव वसवणारा निजामशहा, दुसरी याच जिल्ह्यातल्या चौंडीत जन्मलेली. आम्ही मात्र पूर्वीपासून नुसतं ‘नगर’ म्हणतो आणि तेवढं दोन्ही छापांत शाबूत राहिलं.

शाखेत नवे रबरी शिक्के आले. एका म्हाताऱ्या खातेदाराच्या जुन्या पासबुकावर मी नवा शिक्का नेमका जुन्यावरच मारला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पासबुक नाकाजवळ नेलं.

“भाऊसाहेब, खालचं दिसतंय की अजून!”

“दिसू द्या, बाबा,” मी म्हणालो. “शिल्लक बरोबर आहे ना, तेवढी बघा.”