पोतराजाचे केस बांगलात आणताना

बेहालात डायमंड हार्बर रोडवर, मेट्रोच्या खांबाआड, एक न्हावी बसतो. गिऱ्हाईक एका विटेवर, तो दुसऱ्या विटेवर, आरसा मागच्या भिंतीतल्या खिळ्याला. विटेला बांगलात ‘ईट’ म्हणतात, म्हणून असल्या दुकानाला कोलकात्यात गमतीनं ‘इटालियन सलून’ म्हणायची पद्धत आहे. मी त्याला वीसेक वर्षं ओळखतो, पण सुरुवातीला त्याला माझ्याकडून एक पैसा मिळाला नव्हता. जादवपूरला तौलनिक साहित्याचं एम.ए. करत असताना माझे केस खांद्याखाली आले होते आणि ते कापायचा माझा काही विचार नव्हता.

मग नोकरीची वेळ आली. एका कचेरीत माझी अनुवादाची चाचणी झाली, कागद पसंत पडले आणि शेवटी साहेबांनी अगदी सौम्य आवाजात सांगितलं की बाहेरची माणसं येत-जात असतात, तेवढे केस बघा. मी संध्याकाळी त्या विटेवर जाऊन बसलो. न्हाव्यानं विचारलं, “घरी कोणी गेलं का?” मला फार मोठा अन्याय झाल्यासारखं वाटलं होतं. ती नोकरी मी दोन वर्षांत सोडली, पण ही गोष्ट मात्र बरीच वर्षं मित्रांना रंगवून सांगत असे.

ती सांगणं बंद झालं ते गेल्या वर्षी. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मधल्या काही पानांचा बांगला मसुदा एका वाचनासाठी मी करत होतो. घरातला थोरला मुलगा देवीला पोतराज म्हणून वाहायची चाल त्या पुस्तकात येते. मसुदा एका बंगाली मैत्रिणीला वाचायला दिला. उघडं अंग, पायात चाळ, मोकळे लांब केस इथपर्यंत ती आली आणि आनंदानं म्हणाली, “अरे, हा तर तुमच्याकडचा बाऊल!”

तिची चूक नव्हती. बंगालमध्ये पुरुषाच्या लांब केसांना चांगले दिवस लाभलेले आहेत. बाऊल केस वाढवतो, डोक्यावर गाठ मारतो, आणि भद्रलोकांना तो स्वतंत्र माणूस वाटतो. रवींद्रनाथांनी त्याला साहित्यात मान मिळवून दिला आणि त्यांचे स्वतःचे केस-दाढी तर घराघरांतल्या तसबिरीत आहेत. काझी नझरुल इस्लाम 1917 ते 1920 फौजेत होते, एकोणपन्नासाव्या बंगाली पलटणीत हवालदार. तिथून परतल्यानंतरचे नझरुल लोकांना आठवतात ते मानेवर रुळणाऱ्या केसांसकट. अशा केसांना बांगलात ‘बाबरी’ म्हणतात. शब्दातच थोडा रुबाब आहे. मी मसुद्यात नेमका तोच शब्द घातला होता.

पोतराजाचे केस बाबरी नव्हेत. साताऱ्याकडच्या माझ्या लहानपणी मंगळवारी-शुक्रवारी पोतराज दारात येई. कमरेला खणांच्या चिंध्यांचं आभरान (पार्थ पोळके यांच्या आत्मकथनाचं नावच ‘आभरान’ आहे), कपाळभर मळवट, हातात आसूड. बायकोच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा, गळ्यात ढोलकं. तो स्वतःच्या उघड्या अंगावर आसूड ओढी आणि आवाज आमच्या माजघरापर्यंत येई. आजी सुपातून जोंधळे आणून वरच्या पायरीवरूनच त्याच्या झोळीत ओती. झोळीला सूप लागू नये याची काळजी ती घ्यायची, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

मरीआई ही पटकीची देवी. बंगालात जशी ओलाबिबी किंवा ओलाइचंडी, आणि देवीच्या रोगासाठी शीतला, जिचं लहानसं देऊळ आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. गावात साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर न्यायचा, देवीचा कोप गावाच्या वतीनं अंगावर घ्यायचा, त्यासाठी पोतराज. बहुतेक मांग, काही महार. कामाचा मोबदला मूठपसा धान्य. केस देवीचे, म्हणून त्यांना कात्री लावायची नाही. हा नवस आईबाप बोलत. ज्याच्या डोक्यावर केस वाढायचे त्या पोराला कोणी विचारत नसे. आमच्या मालक लोकांच्या भाषेत बोलायचं तर तो गावाचा नोकर होता आणि केस हा त्याचा गणवेश होता.

त्यात आणखी एक गोष्ट आहे जी बंगाली वाचकाला तळटीप देऊनही नीट कळेल की नाही, मला शंका आहे. गावचा न्हावी बलुतेदार खरा, पण त्याचा वस्तरा अस्पृश्याच्या डोक्याला लागत नसे. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये साताऱ्याच्या दिवसांबद्दल लिहिलं आहे: शहरात न्हावी असूनही अस्पृश्यांचे केस कोणी कापायचा नाही, आणि या मुलांचे केस थोरली बहीण कापायची, करून करून त्यात तरबेज झाली होती. म्हणजे एकीकडे कापायला कोणी नाही, दुसरीकडे कापायचे नाहीत असा दंडक, आणि दोन्ही ठरवणारं गाव एकच.

शाळेत माझ्या वर्गात एका पोतराजाचा मुलगा होता. तिसरीत असेल. केस पाठीवर, आई घट्ट वेणी घालून द्यायची. गुरुजी केस कापून ये म्हणत, घरचे देवी कोपेल म्हणत. पोरं काय म्हणत ते लिहीत नाही. त्यांत मी होतो. दिवाळीनंतर तो आलाच नाही. नोकरीपायी एकदाच केस कापावे लागल्याची माझी कहाणी मी वीस वर्षं सांगत होतो, आणि हा मुलगा त्या सगळ्या काळात मला एकदाही आठवला नव्हता.

पुरुषाच्या केसांचा इतिहास लांबीच्या अंगानं पाहायला गेलं तर हाती काही लागत नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्या-मुंबईतल्या पांढरपेशा घरांत ‘केस राखले’ ही तक्रार ज्या डोक्याबद्दल होई, ते आज आपल्याला चक्क बारीक कापलेलं वाटेल. रिवाज होता सगळं भादरून शेंडी आणि घेरा ठेवण्याचा. इंग्रजी शिकलेल्या पोरानं पुढचे केस बोटभर वाढवले की तो साहेब झाला, बाटायच्या वाटेवर आहे, असं बोललं जाई. पुढे तोच बोटभर केस कचेरीत सभ्यपणाची खूण झाला आणि शेंडी टोपीखाली लपू लागली. मला मुलाखतीत जे डोकं हवं होतं ते म्हणजे माझ्या पणजोबांच्या काळचं बंडखोर डोकं.

मोठ्या मालकाचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत सेनापती जॉन क्रॅडकच्या काळात हुकूम निघाला: शिपायांनी कपाळावर गंध लावायचं नाही, दाढी काढायची, मिशा एका मापाच्या ठेवायच्या, आणि वर नव्या धर्तीचं शिरस्त्राण. 10 जुलै 1806 च्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यात शिपाई उठले. बंड एका दिवसात चिरडलं, शेकडो माणसं गेली. क्रॅडक आणि गव्हर्नर बेंटिंक दोघांनाही परत बोलावलं गेलं. आणि नंतरच्या काळात याच सरकारच्या फौजेनं शीख रंगरुटाला उलटी अट घातली: केस राखलेच पाहिजेत. एका मालकाला गुळगुळीत गाल हवा होता, त्याच मालकाला पुढे न कापलेला केस हवा झाला. धर्माबद्दलचा आदर एकाएकी वाढला असं मला वाटत नाही. कोणती पलटण कशी दिसावी हे ठरवण्याचा हक्क तेवढा त्यानं कधी सोडला नाही.

सिंगापूरच्या सरकारी कचेऱ्यांत 1970 च्या दशकात पाट्या होत्या की लांब केसांच्या पुरुषांचं काम सर्वांत शेवटी केलं जाईल. 1972 मध्ये लेड झेपलिन या बँडला केसांपायी तिथे पाऊल टाकू दिलं नाही. उलट आपल्याकडे झाकिर हुसेन यांच्या तबल्यावर उडणाऱ्या केसांनी चहा खपवला. आणि महेंद्रसिंग धोनी, जो आधी इथून जवळच खडगपूरला रेल्वेत तिकीट तपासनीस होता, त्याच्या लांब केसांचं 2006 मध्ये लाहोरला पाकिस्तानच्या राष्ट्राध्यक्षांनी सर्वांसमोर कौतुक केलं. (बेहालात धोनीचं नाव काढताना जरा जपावं लागतं, इथला लाडका दुसरा आहे.) यशस्वी माणसाला केसांची माफी असते, साधूला असते, कलावंताला बव्हंशी असते. बाऊलाला बंगालनं ती दिली. पोतराजाला माफीची गरजच नव्हती. त्याला सक्ती होती.

म्हणून तिकडे बंडाची खूण केस कापणं ही झाली. आंबेडकरांच्या सभांनंतर आणि विशेषतः 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर अनेक महार घरांनी मरीआईचं काम टाकलं, देव्हारे उठले, केस उतरले. मांग समाजात हे पुढेही चाललं. कार्यकर्ते पोतराजाला समजावून, देवीच्या भीतीवर बोलून, लोकांसमोर त्याचे केस कापत. जन्मभर वाढलेले केस उतरताना माणूस थरथरतो, कारण भीती खरीच असते. कात्री लावणाऱ्यालाही ते माहीत असतं.

मी मैत्रिणीला फोन करून शाळेतल्या मुलाची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाबरी काढ. ‘जटा’ही नको, शंकर आठवतो.” आम्ही ‘लंबा चूल’पाशी थांबलो, अगदी साधं. पण नुसतं ‘लांब केस आहेत’ म्हटलं की ते आपोआप वाढल्यासारखे वाटतात. शेवटी मी क्रियापद बदललं: त्याला केस ‘राखायला लावले’. मूळ मजकुरात हे क्रियापद नाही. मराठी वाचकाला त्याची गरजही नाही, पोतराज म्हटलं की त्याला कळतं. अनुवादकानं असं भरीला घालू नये असं मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे, आणि मसुद्यात ते वाक्य अजून तसंच आहे.

परवा पुन्हा विटेवर बसलो होतो. शेजारच्या विटेवर कॉलेजातला एक पोरगा केसांना नुसती टोकं मारून घेत होता, पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे म्हणाला. न्हाव्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि कात्री हातातच ठेवून त्याला विचारलं, “किती ठेवायचे?”